घराण्याचा इतिहास लिहायला घेतलात? मग या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. २०१७ साली निवृत्त झाल्यावर मी ती खाली उतरवली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यातील सर्वांत जुना कागद माझ्याच हातून बिघडला. माझ्या आजेसासऱ्यांना बडोदे संस्थानात कारकुनाची जागा मिळाल्याचा तो हुकूम होता. घडीवर तो फाटत चालला होता, म्हणून कायमचा टिकावा या हेतूने मी तो लॅमिनेट करून आणला. यंत्राच्या तापलेल्या रुळांमधून जाताना खालच्या कोपऱ्यातील लाखेची मोहर वितळली, तिच्यावरची अक्षरे सपाट झाली आणि लाल डाग थेट सहीपर्यंत पसरला. आता तो कागद प्लॅस्टिकच्या आत आहे आणि त्याला बाहेर काढण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही.

त्यानंतर नात्यातील आणि ओळखीतील दहा-बारा घरांच्या अशा पेट्या मी पाहिल्या. वाळवी आणि कसर यांनी केलेले नुकसान होतेच, पण त्याहून अधिक नुकसान कोणीतरी मनापासून काळजी घेताना केलेले होते. फाटलेले लगेच जोडायचे, न जुळणारी तारीख जुळवून टाकायची, अनोळखी चेहऱ्याला अंदाजाने नाव द्यायचे, अशी घाई सगळीकडे दिसली. हे काम निवृत्तीनंतर हाती घेणाऱ्यांजवळ वेळ असतो. तो वेळ या घाईला आवर घालण्यासाठीच वापरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कागद ‘नीट’ करू नका

लॅमिनेशनइतकीच वाईट गोष्ट म्हणजे चिकटपट्टी. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. वरची पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा राहतो. सुरकुतलेल्या कागदावर इस्त्री फिरवणे, फाटलेला नकाशा फेव्हिकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवणे आणि पावसाळा संपल्यावर गाद्यांबरोबर कागदांनाही ऊन दाखवणे, हे तिन्ही प्रकार मी चांगल्या सुशिक्षित घरांत पाहिले आहेत. उन्हाने ओल जाते खरी, पण शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. कागद घरात, पंख्याच्या मंद वाऱ्यावर, सावलीत सुकवावेत.

जुन्या दप्तरखान्यांत कागद सुती रुमालात बांधून ठेवत, ती पद्धत आजही उत्तम आहे. धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या मांजरपाटाचा चौकोनी तुकडा घ्यावा, घड्या शक्य तितक्या उघडून कागद आडवे ठेवावेत आणि गाठ सैल बांधावी. रुमालाची जागा माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नसावी. आतल्या खोलीतील कपाटाचा मधला खण बरा. टाचण्या, स्टेपल आणि रबर काढून टाकावेत, कारण गंज आणि वितळलेले रबर दोन्ही कागद खातात. प्लॅस्टिकचे पाकीट वापरायचेच असेल तर पॉलिएस्टरचे घ्यावे. ज्या प्लॅस्टिकला उग्र वास येतो ते कागदाजवळ नकोच.

एक गोष्ट दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीबद्दल सांगायला हवी. आमच्याकडे पस्ती, म्हणजे रद्दी, दिवाळीच्या आधी निघते आणि तिच्यात किराण्याच्या वह्या, दुधाचे हिशेब, जुन्या लग्नपत्रिका बिनदिक्कत जातात. लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून जी नावे असतात, ती पाहिली की त्या वर्षी घरात वडीलधारे कोण हयात होते हे कळते. पस्तीचे गठ्ठे वजनाला लागण्यापूर्वी एकदा तरी डोळ्यांखालून घालावेत.

पुराच्या पाण्यात भिजलेले फोटो

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमच्या वन्संच्या तळमजल्यावरील घरात कपाटाचे खालचे दोन खण बुडाले. त्यांत लग्नापासूनचे दोन आल्बम होते. पहिला आल्बम वन्संनी तसाच मिटलेला उन्हात ठेवला. दोन दिवसांनी तो विटेसारखा घट्ट झाला होता आणि पाने सोडवताना एका फोटोतील चेहरे दुसऱ्या फोटोच्या पाठीवर निघून आले. याचे कारण असे की, जुन्या फोटोतील चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असते. पाण्याने तो थर फुगतो, चिकट होतो आणि वाळताना ज्याला टेकलेला असेल त्यालाच धरून बसतो.

दुसऱ्या आल्बमसाठी त्यांनी मला फोन केला, तोपर्यंत तो ओलाच होता, हे आमचे भाग्य. बादलीत थंड, स्वच्छ पाणी घेऊन पाने त्यात बुडवली आणि फोटो पाण्याखालीच हळूहळू सुटे केले. चित्राच्या बाजूला बोट न लावता, कडेला धरून प्रत्येक फोटो दुसऱ्या बादलीत हलकेच हलवला की गाळ खाली बसत होता. मग दोन खुर्च्यांच्या मध्ये ताणून बांधलेल्या मच्छरदाणीवर चित्र वर ठेवून ते एकेक मांडले आणि पंखा अगदी कमी वेगावर ठेवला. वाळल्यावर फोटो थोडे वळले, पण एकशे दहांपैकी सात सोडून सगळे वाचले. वळलेले फोटो नंतर ब्लॉटिंग पेपरमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचे वजन दिले.

हे सारे साधारण ४८ तासांच्या आत व्हायला हवे, कारण त्यानंतर बुरशी धरते. तेवढा वेळ किंवा माणसे हाताशी नसतील तर ओले फोटो मध्ये बटर पेपर घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावेत आणि फ्रीजरमध्ये ठेवावेत. गोठलेल्या अवस्थेत ते थांबून राहतात आणि सवडीने काढता येतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले आणि हाताने रंगवलेले फोटो मात्र पाण्यात घालू नयेत, त्यांचा रंग सुटतो. चौकटीच्या काचेला चिकटून वाळलेला फोटो सोलून काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. काचेसकट स्कॅन करावा आणि तसाच जपावा.

नव्या चौकटीत बसावा म्हणून फोटोभोवतीचा जुना पुठ्ठा कापणे हीसुद्धा मोठी चूक आहे. त्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असते, आणि पुष्कळदा काळ ठरवायला तेवढाच धागा हाती असतो. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला आणि अलगद लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

शके, संवत आणि इसवी सन

बडोद्याच्या मराठी घरांत तारखांचा घोळ हमखास होतो, कारण जन्मपत्रिका शालिवाहन शकात असते, गुजराती दस्तऐवज विक्रम संवतात असतो आणि शाळेचा दाखला इंग्रजी तारखेचा असतो. शकात ७८ मिळवावेत आणि संवतातून ५७ वजा करावेत, एवढेच आपल्याला पाठ असते. ते अपुरे आहे.

शक चैत्रात बदलतो. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीला झाली. ७८ मिळवले तर १७६० येते, पण तारीख आहे १४ जानेवारी १७६१. पौष महिना डिसेंबर आणि जानेवारी दोन्हींत पसरत असल्याने अशा तिथीसाठी त्या वर्षाचे पंचांग पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

गुजरातेतील संवत दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. त्यामुळे कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. माझ्या सासऱ्यांच्या पत्रिकेत शके १८४७, श्रावण शुद्ध पंचमी होती आणि एका गुजराती कागदात संवत १९८१, श्रावण सुद पाचम. मी ५७ वजा करून १९२४ लिहिले, पत्रिकेवरून १९२५ येत होते, आणि कोणता तरी एक कागद चुकीचा असे समजून मी वर्षभर त्याच गोंधळात राहिले. दोन्ही कागद बरोबर होते. ५६ वजा केले असते तर दोन्हींचे उत्तर १९२५ आले असते. शक आणि संवत यांत १३५ चा फरक असतो हे आपण ऐकलेले असते, पण गुजराती संवताच्या बाबतीत चैत्र ते आश्विन तो १३४ असतो.

आकडे वाचतानाही सावध राहावे. गुजराती पाच हा आपल्या ‘प’ अक्षरासारखा दिसतो आणि घाईत वाचणारा मराठी माणूस तिथे अडखळतो. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती लगेच वंशावळीत लिहू नये. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी हीच लिहीत असत. त्यापुढे ‘दाखल्यानुसार’ असा शब्द जोडावा आणि पत्रिका मिळेपर्यंत थांबावे.

शब्दांना आजचा अर्थ लावू नका

आमच्या एका परिचितांनी पणजोबांच्या नावापुढचा ‘वहिवाटदार’ हा शब्द वाचून त्यांची मोठी शेती होती असे लिहून छापूनही घेतले. बडोदे संस्थानात वहिवाटदार म्हणजे तालुक्याचा, त्यांच्या भाषेत महालाचा, मुख्य अधिकारी. प्रांताच्या प्रमुखाला सुभा म्हणत. ‘बाबाशाही’ हे कोणा पूर्वजाचे नाव नसून बडोद्याच्या जुन्या रुपयाचे नाव आहे, आणि त्या रुपयातील पगाराची इंग्रजी रुपयातील पगाराशी थेट तुलना करता येत नाही. ‘कडी प्रांती बदली’ असे वाचले की आजच्या मेहसाणा आणि पाटण भागात शोध घ्यायला हवा. जन्मस्थानही त्या काळचे लिहावे: १९२५ साली अमरेलीत जन्मलेल्या माणसापुढे ‘अमरेली, बडोदे संस्थान’ आणि मग आजचा जिल्हा. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि गुजरात राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. कागद कोणत्या सरकारच्या काळातील आहे हे त्यावरूनच ठरते.

मोडी कागदांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘रारा’ हे नाव नसून राजमान्य राजश्री आहे. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमुकाचा मुलगा, आणि ‘कोम’ म्हणजे अमुकाची पत्नी. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेताना मूळ कागद न देता त्याचे स्वच्छ फोटो द्यावेत आणि सारांशावर समाधान न मानता ओळीला ओळ लिप्यंतर मागावे. सारांशात नावे गळतात, आणि आपल्याला तर नावेच हवी असतात.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे गोविंद विठ्ठल, विठ्ठल गोविंद आणि पुन्हा गोविंद विठ्ठल अशी साखळी तयार होते, आणि दोन माणसे वंशावळीच्या एकाच चौकटीत शिरतात. प्रत्येकाला पिढीचा क्रमांक द्यावा. दत्तक गेलेल्या मुलाची दोन्ही घरांत नोंद करावी. सुनांची माहेरची नावे लिहिणे राहून जाते; लग्नात नाव बदललेल्या स्त्रीचे पहिले नाव, वडिलांचे आडनाव आणि गाव विचारून लिहिलेच पाहिजे. छापील कुलवृत्तान्तात आपली बडोदे शाखा एका ओळीत उरकलेली असू शकते, म्हणून त्यातील नोंदही आपल्या कागदांशी ताडून पाहावी.

‘सगळे सांगा’ असे विचारू नका

माझ्या आत्येसासूबाई नव्वदीच्या होत्या. ‘आत्या, घराण्याबद्दल सगळे सांगा,’ असे मी म्हटल्यावर त्यांनी दोन वाक्यांत विषय संपवला: ‘काय सांगायचं बाई, होते सगळे, गेले.’ पुढच्या भेटीत मी कागदावर जुन्या घराचा ढोबळ आराखडा काढून नेला आणि एवढेच विचारले, ‘माजघरातल्या झोपाळ्यावर दुपारी कोण बसायचं?’ त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली, माजघराचे दार मी चुकीच्या भिंतीला दाखवले होते ते खोडले आणि मग नावे येऊ लागली. त्यांत एक नाव होते ताईआत्यांचे. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेल्या, पुढची पन्नास वर्षे या घराचा स्वयंपाक सांभाळलेल्या. आमच्या कोणत्याही वंशावळीत त्यांची नोंद नव्हती.

म्हणून जागा, वस्तू, सण, भांडी यांच्यापासून सुरुवात करावी. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त वेळ घेऊ नये, ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्यावी आणि मुद्रणाच्या आरंभी दिनांक, ठिकाण व बोलणाऱ्याचे नाव स्वतःच्या आवाजात नोंदवावे. दोन वडीलधारे वेगवेगळे सांगत असतील तर कोणालाही खोटे न पाडता दोन्ही आठवणी नावानिशी लिहाव्यात. काही गोष्टी विश्वासाने सांगितलेल्या असतात. त्या वहीत ठेवाव्यात, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नयेत.

प्रती काढताना

मोबाईलचा फ्लॅश लावून काचेतला फोटो टिपला की मधोमध पांढरा गोळा येतो. कागदासाठी ३०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) आणि लहान फोटोसाठी ६०० डीपीआय स्कॅन पुरेसा होतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर त्याचा आकार घटतो, तेव्हा तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. डाग पुसून उजळ केलेली प्रत वेगळ्या नावाने साठवावी, मूळ स्कॅनला हात लावू नये. एक संच घरात, एक हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे आणि एक ऑनलाइन असावा.

ताईआत्यांचा फोटो अजून सापडलेला नाही. पेटीत नऊवारीतील एका प्रौढ स्त्रीचा, पुठ्ठ्यावर नवसारीच्या स्टुडिओचे नाव असलेला एक फोटो आहे, आणि तो त्यांचाच असावा असे घरात अनेकांना वाटते. आत्येसासूबाई आता नाहीत. मी त्या पाकिटावर ‘ओळख पटलेली नाही’ असे लिहून तारीख घातली आहे आणि त्याच्या प्रती नवसारी व अमरेलीच्या चुलत घरांना पाठवल्या आहेत.