जुना लॅपटॉप घेताना

महाविद्यालयासाठी वापरलेला लॅपटॉप घेणार असाल, तर आधी प्रोसेसरची पिढी पाहावी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणजे सातव्या पिढीचा ‘आय५-७२००यू’ स्वस्तात मिळाला तरी सोडावा, आठव्या पिढीचा ‘आय५-८२५०यू’ चालेल. (पिढी या नावातल्या आडव्या रेघेनंतरच्या आकड्यावरून कळते; ‘आय७’मधला ७ हा पिढीचा आकडा नव्हे, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत.) रॅम पुढे वाढवता येते का, हेही विचारावे, कारण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली असते. दुकानातच चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवावा आणि बॅटरी किती टक्के उतरते ते पाहावे. झाकण उघडताना बिजागरी करकरली, तर घासाघीस न करता दुसरा लॅपटॉप मागावा.