हिऱ्याची पावती वाचताना: कॅरेट, सेंट आणि भाव

आत्याची अंगठी मोडायला गेलो तेव्हा जुन्या पावतीवर दोन आकडे होते: '१८ कॅरेट' आणि '०.५० कॅरेट'. आत्या इतकी वर्षं हिराच १८ कॅरेटचा समजत होती! तेव्हा आधी हे दोन कॅरेट वेगळे करा. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो. १८ म्हणजे ७५ टक्के सोनं. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे निव्वळ वजन, २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. आत्याचे हिरे पन्नास सेंट.

मग सोन्याचं वजन तपासा. अंगठी काट्यावर ४.२०० ग्रॅम भरली. त्यात ०.५० कॅरेट, म्हणजे ०.१०० ग्रॅम हिरे. सोनं उरलं ४.१०० ग्रॅम. खरेदीत ही वजावट झाली नसेल, तर हिऱ्याचे पैसे हिऱ्याच्या भावाने दिल्यावर पुन्हा सोन्याच्या भावानेही दिलेत. विकताना उलट बघा, खड्यांच्या नावाखाली जास्त वजन तर कापलं नाही ना?

आता खरा प्रश्न विचारा: हे पन्नास सेंट एकाच खड्याचे की सगळे मिळून? आत्याच्या अंगठीत पाच-पाच सेंटचे दहा खडे. दर्जा तोच असला, तरी पन्नास सेंटच्या एका खड्याची किंमत त्यांना येत नाही. मोठा खडा दुर्मीळ, म्हणून वजनाबरोबर कॅरेटमागचा भावही चढतो. अर्ध्या कॅरेटला, एक कॅरेटला तर उडीच मारतो. त्यामुळे मी घेईन तर ९५ सेंटचा. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा, हा त्याहून जेमतेम ०.१ मिलिमीटरने लहान. बोटात कोणाला कळतंय? मात्र मिलिमीटरमधलं मापही विचारा. खोल घडवलेल्या हिऱ्याचं वजन पोटात जातं, वरून तो लहानच दिसतो.

रंग, स्वच्छता आणि कट प्रमाणपत्रावर बघा. हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर असेल, तर तो भिंगातून जुळवून घ्या. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे पावतीवर लिहून घ्या. प्रयोगशाळेतला बराच स्वस्त मिळतो आणि विकताना हाती फार थोडं येतं.

विकताना घडणावळ आणि जीएसटी विसराच. सोन्याचा आणि हिऱ्यांचा भाव मात्र वेगवेगळा मांडून मागा, तोही दोन ठिकाणी. पहिल्या दुकानात आत्याच्या दहा खड्यांपुढे सरळ शून्य लिहिलं होतं. दुसऱ्याने पावती मागितली, खडे मोजले आणि मग आकडा सांगितला.