लांबच्या फेरीआधी डिझेल पिकअपची एमिशन सिस्टम, काय काय बघून ठेवायचं

लोड घेऊन लांब निघायचं असेल तर आदल्या रात्री नाही, चार-पाच दिवस आधीच गाडी बघायला घ्या, कारण एखादा सेन्सर गेलेला निघाला तर पार्ट यायला वेळ लागतो. सुरुवात ऑइलपासून. डिपस्टिक काढा आणि लेव्हल कमी झालीय का एवढंच नाही, वाढलीय का तेपण बघा. डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर; त्यातली काजळी जाळायला म्हणजे रीजनला बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्येच जास्तीचं डिझेल मारलं जातं, आणि गाडी मधेच बंद होत राहिली की रीजन सारखं पहिल्यापासून सुरू होतं, त्यातलं थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. लेव्हल वर चढली असेल तर ऑइल बदलूनच निघा, आणि ते लो-अ‍ॅशच घ्या, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच. काजळी जळून जाते पण ऑइलची राख जळत नाही, ती डीपीएफमध्येच साठत जाते.

मग एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे पाइप, त्यांचे क्लॅम्प, कुठे तेलकट डाग दिसतोय का. डीपीएफ सारखा भरत असेल तर लोक डीपीएफच काढून धुवायला नेतात, पण माझं स्पष्ट मत आहे की आधी काजळी येतेय कुठून ते शोधा: फुटका पाइप, गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडतो तो). ते तसंच राहिलं तर धुतलेला डीपीएफ पुन्हा भरणारच. कूलंट बाहेर कुठे गळत नाही तरी कमी होतंय? ईजीआर कूलर, म्हणजे तोच धूर कूलंटने थंड करणारा भाग, आतून गळतोय का चेक करून घ्या. डीपीएफच्या प्रेशर सेन्सरच्या दोन बारीक नळ्यापण हाताने चाचपून बघा, त्या तडकल्या की रीडिंग चुकतं आणि रीजन नको तेव्हा होतं किंवा होतच नाही.

डीईएफ, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला एक्झॉस्टमध्ये मारलं जाणारं द्रव, ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी त्याची टाकी भरून घ्या. ते 32.5 टक्के युरियाचं द्रावण असतं, सीलबंद कॅनमधलंच घ्या, तारीख बघा, उन्हात ठेवलेलं नको. डिझेलचं फनेल त्याला अजिबात वापरू नका. आणि चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, पंप चालू झाला की ते पुढे लाइनमध्ये जातं, आधी टाकी रिकामी करा. उणे 11 अंशाला ते गोठतं, म्हणून थंडीत टाकी पार काठोकाठ नको. डोझरभोवती, म्हणजे एक्झॉस्टमध्ये डीईएफ मारणाऱ्या नोझलभोवती, पांढरे खडे जमलेत का बघा, कोमट पाण्याने निघतात, पण परत आले तर तिथे गळती आहे.

शेवटी स्कॅनर लावून पेंडिंग कोड (लाइट लागण्याआधी नोंदलेले बिघाड) आणि सूट लोड (डीपीएफमध्ये किती काजळी साठलीय ते) बघा, लाइट लागला नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं. सूट लोड जास्त दिसला तर मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या स्पीडने चालवा, रीजन पूर्ण होईपर्यंत बंद करू नका, आणि त्यानंतर लगेच सुक्या गवतावर उभी करू नका, डीपीएफच्या आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास गेलेलं असतं.