रोज ऑफिसला जाणाऱ्या फोर बाय फोरला टायर कुठल्या साइझचे घ्यायचे

थार किंवा जिम्नी घरी आली की महिन्याभरात टायर मोठे करायचं डोक्यात येतंच, आणि दुकानवाला पण "साहेब ३३ इंची टाका, लुकच बदलून जाईल" म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे. जी गाडी सोमवार ते शुक्रवार हिंजवडी नाहीतर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये असते आणि महिन्यातून एखाद-दोनदा मावळात किंवा कोकणात चिखलात उतरते, तिचे टायर सोमवार-शुक्रवारच्या हिशोबाने घ्यायचे. कंपनीच्या टायरचा जो व्यास आहे त्याच्या ३ टक्क्यांच्या आत राहा आणि पैसे टायरच्या क्वालिटीवर घाला.

आधी नंबर वाचा आणि व्यास काढा

थारच्या १६ इंची रिमवरच्या टायरवर २४५/७५ आर१६ लिहिलेलं असतं. २४५ म्हणजे रुंदी एमएममध्ये, ७५ म्हणजे साइडवॉलची (टायरची रिमपासून रस्त्यापर्यंतची बाजूची भिंत) उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिम इंचात. आता २४५ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १८४, वरची आणि खालची साइडवॉल मिळून ३६७.५, त्यात १६ इंचाचे ४०६.४ मिळवा, झाले ७७४ एमएम म्हणजे साडेतीस इंच. हाच हिशोब थारच्या १८ इंची २५५/६५ चा केला तर ७८९ येतो आणि जिम्नीच्या १९५/८० आर१५ चा ६९३. मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे, दुकानात जायच्या आधी घरीच करून ठेवा.

मग ज्या साइझवर मन बसलंय तिचा पण व्यास काढा. २८५/७५ आर१६, ज्याला सगळे ३३ म्हणतात, तो ८३४ एमएम भरतो, म्हणजे ६० एमएम जास्त, पावणेआठ टक्के. याचा अर्थ काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८६ ने पळत असते, ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो त्यामुळे अ‍ॅव्हरेज आहे त्यापेक्षा पण खराब दिसतं, आणि गिअरिंग लांब पडतं, म्हणजे ताम्हिणीच्या चढाला जिथे गाडी सेकंडवर निघून जायची तिथे फर्स्ट टाकावा लागतो, क्लचवर लोड येतो, ब्रेकला पण जड चाक थांबवायचं असतं. आणि एवढं सगळं करून ग्राउंड क्लिअरन्स किती वाढतो, तर फक्त ३० एमएम, कारण एक्सलच्या खाली अर्धाच व्यास येतो. रोजच्या गाडीला हा सौदा मला अजिबात पटत नाही.

१६ इंची थारला २६५/७० आर१६ टाकला तर व्यास ७७७ येतो, म्हणजे उंची जवळपास तीच आणि रुंदी २० एमएम जास्त. २६५/७५ आर१६ चा ८०४ होतो, तो ३ टक्क्यांच्या थोडा बाहेर जातो, चालवणारे चालवतात पण घासतो का ते बघूनच घ्या. १८ इंची वाल्यांना २६५/६५ आर१८ सरळ बसतो, व्यास ८०२. जिम्नीला २१५/७५ आर१५ माझ्या मते सगळ्यात शहाणा पर्याय, ७०३ एमएम, दीड टक्काच मोठा, आणि मोठा फायदा म्हणजे बोलेरोची हीच साइझ आहे, म्हणजे आडगावात टायर फाटला तरी तालुक्याच्या दुकानात मिळायचा चान्स खूप जास्त. २३५/७५ टाकून जिम्नी मस्त दिसते हे खरंय, पण पावणेसहा टक्के मोठं चाक ओढायला तिचं दीड लिटरचं इंजिन घाटात कमी पडतं.

रिम मोठी करू नका

१८ वरून २० ची रिम टाकायची फॅशन आहे, त्याच्या नादी लागू नका. व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की साइडवॉल बारीक होते, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांचा पहिला मार तीच खाते. १६ इंची थारची साइडवॉल १८४ एमएम, १८ इंचीची १६६, म्हणजे पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही तर १६ वालं चाक जास्त सहन करणार, दगडात हवा कमी करून चालवायला पण तेच बरं. रिमची रुंदी पण तपासा, २८५ ला साधारण साडेसात इंच किंवा जास्त रुंद रिम लागते.

रुंदीचं गणित

रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप हे सगळीकडे खरं नाही. मराठवाड्यात, सोलापूरकडे काळी माती भिजली की ती टायरला चिकटते आणि बटणांमधल्या (टायरच्या नक्षीचे रबरी ठोकळे) फटी भरून टायर गुळगुळीत होतो, तिथे थोडा अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या कडक थरावर टेकतो. वाळूत उलटं, रुंद टायर वर तरंगतो. पण वाळूसाठी म्हणून साइझ ठरवू नका, गोव्यात बीचवर गाडी घालायला कायद्याने बंदी आहे आणि कोकणात दर सीझनला भरतीत अडकलेल्या गाड्या आपण बघतोच.

टायरच्या नक्षीच्या पॅटर्नबद्दल थोडक्यात: रोजच्याला एटी, म्हणजे ऑल टेरेन. एमटी, म्हणजे मड टेरेन, चिखलात भारी असतात पण ओल्या डांबरावर ब्रेकिंग लांबतं, आवाज येतो, लवकर झिजतात. वर्षातून एकदाच कच्च्या रस्त्यावर जात असाल तर एचटी, म्हणजे हायवे टेरेन, पण पुरतात.

लोड आणि स्पीडचा कोड

साइझच्या पुढे १११टी असं काहीतरी असतं, १११ म्हणजे एक टायर १०९० किलो पेलतो आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. जुन्या टायरवर जो आकडा आहे त्यापेक्षा कमी घ्यायचा नाही, कितीही स्वस्त मिळू दे.

घासतो का ते बघायची पद्धत

शक्य असेल तर आधी पुढचा एकच टायर रिमवर चढवून जागच्या जागी बघा. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, आणि टॉर्च घेऊन खाली वाका. आतल्या बाजूला सस्पेन्शनचा आर्म आणि बाहेर मडगार्डचं प्लास्टिक, दोन्हीकडे किमान एक बोट सहज जायला हवं. नंतर दुसऱ्या बाजूचं मागचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवा म्हणजे गाडी वाकडी होईल आणि मग परत स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, रिव्हर्समध्ये पण. सपाट पार्किंगमध्ये न घासणारा टायर चार माणसं बसवून स्पीडब्रेकरवर घासू शकतो, म्हणून लोड टाकून बघणं महत्त्वाचं.

टायर मडगार्डच्या बाहेर येत असेल तर सोडून द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करण्यावर बंधन आहे, उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला तोच प्रश्न काढणार. तुमच्या मॉडेलला कुठल्या साइझेस चालतात ते सर्व्हिस सेंटरकडून आणि इन्शुरन्स कंपनीकडून लेखी घ्या.

घेताना

पाच घ्या, चार नाही. फोर बाय फोर लावलेलं असताना पुढे-मागे किंवा डाव्या-उजव्या चाकांचा व्यास वेगळा असला तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि डिफरन्शियलवर (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) ताण येतो, स्टेपनी पण त्याच साइझची हवी. स्टेपनी मागच्या दारावर असते, जड टायर टाकला की बिजागऱ्यांवर लोड वाढतो, दार लागताना आवाज येतोय का बघत राहा. साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा, सहा महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर मी तरी दुसरं दुकान बघतो. बसवल्यावर अलायमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्या.

दारावरच्या स्टिकरवरचं प्रेशर जुन्या साइझचं असतं, सुरुवात तिथून करा. मग टायरवर आडवी खडूची जाड रेघ मारा आणि सपाट रस्त्यावर सरळ शंभर मीटर जाऊन या. रेघ फक्त मधोमध पुसली तर हवा जास्त आहे, फक्त कडेला पुसली तर कमी, दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करून सगळीकडे सारखी पुसली जाईल तो आकडा लिहून ठेवा, पण खाली यायचं असेल तर लोड वाहायला जेवढं प्रेशर लागतं त्याच्या खाली नाही. चिखलात किंवा दगडात उतरताना २० पीएसआयच्या आसपास आणा, आणि डांबरावर परत चढायच्या आधी पुन्हा पूर्ण भरा, त्यासाठी बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत कायम ठेवा.