चार तासांनी बहिरा होणारा गेटवे: एलडब्ल्यूआयपीमधली गळती शोधताना

गेटवे चार तास झकास चालायचा, मग पिंग बंद. साइटवरचा पोरगा पॉवर काढून परत लावायचा, की पुढचे चार तास निवांत. गेटवे म्हणजे हिंजवडीतल्या एका इमारतीची एसी यंत्रणा बॅकनेटवर (इमारतीतल्या यंत्रणांची आपसात बोलायची ठरलेली पद्धत) जोडणारा आमचा छोटा बोर्ड. आत फ्रीआरटीओएस (छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि एलडब्ल्यूआयपी (नेटवर्कचं काम सांभाळणारा छोटा सॉफ्टवेअर स्टॅक). ऑफिसच्या टेबलावर हाच बोर्ड दोन आठवडे न कुरकुरता चालला होता, म्हणून सगळ्यांनी आधी तिथल्या स्विचला शिव्या घातल्या. मीही घातल्या.

असं काही समोर आलं तर लगेच कोड वाचायला बसू नका. आधी कुठलं भांडं गळतंय, म्हणजे कुठली मेमरी घेतली जाते पण परत सोडली जात नाही, ते बघा. मी फक्त हीप, म्हणजे लागेल तशी वाटून घ्यायची मेमरी, तपासला. फ्रीआरटीओएसचा मोकळ्या हीपचा आकडा तासन्‌तास जागचा हलला नाही, आणि मी "लीक नाही" असं मेलमध्ये लिहूनही टाकलं. ती मेल अजून लोक काढून दाखवतात. आमचा ड्रायव्हर येणारी पॅकेटं हीपमध्ये ठेवतच नव्हता. ती जायची पीबफ पूलमध्ये (पीबफ म्हणजे एलडब्ल्यूआयपीचा पॅकेट ठेवायचा बफर). हा पूल वेगळा, आधीच राखून ठेवलेला, आणि कुणी बदललं नसेल तर त्यात खण फक्त १६. हीपमध्ये ऐसपैस जागा असताना इथे एकही खण मोकळा नसू शकतो.

तेव्हा एलडब्ल्यूआयपीच्या सेटिंगमध्ये एलडब्ल्यूआयपी_स्टॅट्स आणि मेमपी_स्टॅट्स हे दोन्ही १ करा आणि दर मिनिटाला सीरियल पोर्टवर या पूलचे तीन आकडे छापा: यूज्ड, मॅक्स, एर. मॅक्स म्हणजे नुसता आजवरचा उच्चांक, गर्दीत तो वर जाणारच. एर वाढायला लागला की पॅकेटला खण मिळाला नाही, म्हणजे उशीर झालाय. डोळा ठेवायचा यूज्डवर, म्हणजे सध्या भरलेल्या खणांवर, तोही नेटवर्क शांत असताना. तेव्हा तो शून्यावर, किंवा ड्रायव्हर जेवढे बफर कायम धरून ठेवतो तेवढ्यावर, परत आला पाहिजे. आमचा १, मग २, मग ३. चढत गेला, उतरायचं नाव नाही.

आता साधा भागाकार. १६ खण, २४० मिनिटं, म्हणजे दर १५ मिनिटांनी एक. पॅकेटं तर सेकंदाला कितीतरी येत होती, मग पंधरा मिनिटांनी नेमकं काय येतं? साइटवर विचारलं. मुख्य कंट्रोलर दर १५ मिनिटांनी "कोण कोण आहे" अशी हाक सगळ्यांना घालतो, म्हणे. बॅकनेटमध्ये हिला हू-इज म्हणतात.

(पूल संपला की बोर्ड आधी बहिरा होतो, पण बोलत राहतो. त्याची एआरपी नोंद (समोरच्याचा आयपी पत्ता कुठल्या हार्डवेअर पत्त्यावर आहे ती) साधारण ३०० सेकंदांनी जुनी होते, नवीन उत्तर ऐकू येत नाही, आणि मग तो मुकाही होतो. एलईडी मात्र लुकलुकत असतो, प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड रीसेट करणारा वॉचडॉगही खूश.)

पुरावा पूलमध्येच पडलेला असतो. बोर्ड अडकला की रीसेट न करता डीबगर जोडा आणि पूलची मेमरी बाइट बाइट छापा. प्रत्येक खणात आधी पीबफची स्वतःची माहिती, मागोमाग अख्खं पॅकेट, इथरनेट हेडरसकट. मला दिसलं ते असं: सहा वेळा एफएफ, म्हणजे ब्रॉडकास्ट, पुढे ०८ ०० आणि ४५, म्हणजे आयपीव्ही४. शून्यापासून मोजलं तर ३६व्या-३७व्या जागी बीए सी०. बॅकनेटचा पोर्ट ४७८०८ हेक्समध्ये चक्क बीएसी० होतो. शेवटाकडे १० ०८, म्हणजे हू-इज. सोळाच्या सोळा खणांत तेच.

त्यानंतर कोड उघडला. ही पॅकेटं यूडीपीवरून येतात, आणि यूडीपीच्या कॉलबॅकमध्ये (पॅकेट आलं की स्टॅक बोलावतो ते आपलं फंक्शन) हातात आलेला पीबफ आपणच सोडायचा असतो. आमच्याकडे हू-इजमध्ये दिलेल्या उपकरण-क्रमांकांच्या टप्प्यात आपण बसत नसलो की सरळ रिटर्न, आणि बफर सोडणारं पीबफ_फ्री त्याच्या खाली. ऑफिसातलं टूल टप्पा न देता सरसकट विचारायचं, त्यामुळे तो रिटर्न तिथे कधी गाठलाच गेला नाही. मी बाहेर पडायची वाट एकच ठेवली आणि सोडणं तिथे आणलं.

टीसीपीत मात्र हीच सवय अंगाशी येते. कॉलबॅकमधून एर_ओके सोडून दुसरं काही परत केलं (एर_एबीआरटी हा अपवाद) तर स्टॅक तोच पीबफ पुन्हा देतो. तो आधीच सोडला असेल तर दोनदा सुटतो. आणि दोन पीबफ जोडताना पीबफ_चेन केल्यावर शेपटाचा, म्हणजे मागे जोडलेल्याचा, आपला हक्क आपल्याकडेच राहतो, पीबफ_कॅटमध्ये तो हातचा जातो. या दोन्हींत गफलत फार होते.

दुरुस्ती झाली म्हणून चार तास वाट बघत बसू नका. लॅपटॉपवरून दहा ओळींच्या पायथन स्क्रिप्टने आपल्या टप्प्याबाहेरचे हजार हू-इज सोडा, सोबत मुद्दाम अर्धवट तोडलेली पॅकेटंही, आणि यूज्ड बघा. माझ्या स्क्रिप्टने पहिल्याच दिवशी दुसरी गळती काढून दिली: लांबीचा आकडा खोटा असलेलं पॅकेट. तसाच रिटर्न, वीस ओळी वर.