या चुका टाळा : फवारणी करणाऱ्यांची कोलिनएस्टरेज तपासणी आणि तिच्या नोंदी

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली की फवारणीचा हंगाम लागतो. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके चेतातंतूंच्या सांध्यावरचे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. तेच विकर तांबड्या पेशींवरही असते, म्हणून रक्तावरून मेंदू-मज्जांवरच्या परिणामाचा अंदाज घेता येतो. पण आकड्याशेजारची नोंद अपुरी असेल तर तो अंदाज फसतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे माणूस आजारी पडल्यावर पहिली तपासणी करणे. नॉर्मल रेंज इतकी रुंद असते की एखाद्याचे विकर बरेच घटले तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’च येतो. तुलना त्याच माणसाच्या बेसलाइनशीच, म्हणजे औषधांपासून दूर असतानाच्या आकड्याशीच हवी, आणि बेसलाइन घेताना या औषधांशी शेवटचा संबंध येऊन किमान ३० दिवस झालेले हवेत. द्राक्षासाठी सप्टेंबर सोयीचा वाटतो, पण तोच मजूर त्या दिवसांत टोमॅटोवर फवारत असतो. हे विचारून लिहा. कॅलिफोर्नियाच्या नियमात बेसलाइनच्या ८० टक्क्यांखाली आल्यास कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींवरच्या विकराचा आकडा ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातल्या (रक्तद्रवातल्या) विकराचा ६० टक्क्यांवर उतरला की माणसाला फवारणीवरून हटवतात.

प्लाझ्मातले विकर वेगळे, ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. यकृताच्या आजारात, गरोदरपणात किंवा आनुवंशिक कारणानेही ते कमी असते. ‘कोलिनएस्टरेज कमी’ एवढेच लिहिलेली नोंद म्हणून निरुपयोगी ठरते. कोणते ते लिहा.

रक्त घेताना आधी हात साबणाने धुऊन घ्या. बोटावर औषधाचा अंश राहिला तर तो नमुन्यात उतरून विकर नळीतच मारतो. ईडीटीएची जांभळ्या टोपणाची नळी वापरा. साखरेच्या तपासणीची राखाडी नको, तिच्यातले फ्लोराइड विकर दाबते. नमुना लगेच बर्फात ठेवा. मेथोमिलसारख्या कार्बामेटने बांधलेले विकर काही तासांत आपोआप सुटते, त्यामुळे दुपारभर गाडीत फिरलेली नळी निर्दोष दिसते. फवारणी किती वाजता संपली आणि रक्त किती वाजता घेतले, दोन्ही वेळा लिहा. औषधाचे दुकानातले नाव पुरेसे नाही, लेबलवरचा मूळ घटक उतरवून घ्या.

एलमन यांच्या १९६१ च्या पद्धतीत २.६ मिली फॉस्फेट बफर (०.१ मोलर, पीएच ८), ०.४ मिली नमुना, १०० मायक्रोलिटर डीटीएनबी (रंग देणारे रसायन, ०.०१ मोलर) आणि २० मायक्रोलिटर ॲसिटिलथायोकोलीन (विकर जे तोडते ते रसायन, ०.०७५ मोलर) घेऊन ४१२ नॅनोमीटरवर पिवळा रंग मोजतात. इथली नेहमीची चूक म्हणजे ब्लँक, म्हणजे विकराशिवायच्या मिश्रणाचे वाचन, वजा न करणे. ॲसिटिलथायोकोलीन विकराशिवायही थोडे तुटतेच. पीएच आणि तापमान चढले की जास्त. समजा बेसलाइनला मिनिटाला ०.०६० वाढ आहे, संशयित नमुन्यात ०.०२० आणि ब्लँकमध्ये ०.००६. ब्लँक न वजा करता उरलेली क्रिया ३३ टक्के दिसते, वजा केल्यावर ०.०१४ भागिले ०.०५४, म्हणजे २६ टक्के. विषबाधा जितकी जास्त, तितका हा खोटा दिलासा मोठा.

पूर्ण रक्त वापरत असाल तर हिमोग्लोबिन नेमके ४१२ च्या आसपास प्रकाश शोषते. ४३६ नॅनोमीटरवर मोजा, आणि रंगावरून क्रिया काढण्याचा शोषण गुणांकही त्याच तरंगलांबीचा घ्या. मे महिन्यातली खोली आणि डिसेंबरातली खोली सारखी नसते, म्हणून क्युव्हेटचे (मोजणीच्या पारदर्शक नळीचे) तापमान स्थिर ठेवून प्रत्येक वाचनापुढे लिहा. बेसलाइन एका प्रयोगशाळेत आणि पुढची तपासणी दुसरीकडे, असे तर करूच नका.

उंदरांच्या मेंदूवर काम करणाऱ्यांसाठी एकच सांगणे. स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या आतल्या एका भागात) हे विकर कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) कित्येक पट असते. कॉर्टेक्स कापताना स्ट्रायटमचा कण जरी आला तरी औषधाचा परिणाम झाकला जातो. वहीत ‘मेंदू’ न लिहिता भाग आणि वजन लिहा.

छाटणीनंतरच्या पेस्टिंगला (डोळ्यांना औषध लावायला) वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड या तपासणीत दिसत नाही. पेस्टिंग करून दारू घेतलेल्या माणसाचा चेहरा लाल झाला, छाती धडधडली, तर कोलिनएस्टरेज नॉर्मल आले म्हणून त्याला घरी पाठवू नका, दवाखान्यात न्या. मॅन्कोझेबच्या रासायनिक नावात ‘कार्बामेट’ असले तरी ते मेथोमिलसारखे विकर बांधत नाही. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा.

ऑरगॅनोफॉस्फेटने कायमचे बांधलेले तांबड्या पेशींवरचे विकर नव्या पेशी येतील तसे, दिवसाला साधारण १ टक्का भरून येते. आठवड्याने पुन्हा तपासून ‘सुधारणा नाही’ असा शेरा मारू नका. पुढची तारीख या हिशेबाने टाका आणि आकडा बेसलाइनच्या ८० टक्क्यांवर येईपर्यंत त्या माणसाच्या हाती पंप देऊ नका.