चार्टर स्कूल निवडताना काय तपासावं

अमेरिकेतली चार्टर स्कूल सरकारी पैशांवर चालते आणि फी घेत नाही, मात्र डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, बऱ्याच नियमांतून ती मोकळी असते. पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटात झाला. या मोकळीकीमुळे शाळेचा दिवस लांबवता येतो, अभ्यासक्रम वेगळा ठेवता येतो. काही शाळा याचं सोनं करतात, काही वाया घालवतात. म्हणून ‘चार्टर चांगल्या की वाईट’ हे सोडून समोरची शाळा तपासा.

आधी तिला परवाना कोणी दिला ते शोधा: डिस्ट्रिक्ट, राज्याचं मंडळ की विद्यापीठ. परवाना ठरावीक मुदतीचा असतो, बहुतेक ठिकाणी तीन ते पाच वर्षांचा. मागच्या नूतनीकरणाचा अहवाल मागून घ्या. अटी घालून मुदत वाढवली असेल तर त्या अटी नीट वाचा.

मग इयत्तावार पटसंख्या बघा, तीही एकाच वर्षी दाखल झालेल्या मुलांची. सहावीत ९० मुलं होती आणि दोन वर्षांनी आठवीत ५५ उरली, तर बाकीची कुठे गेली ते विचारा. गेलेल्यांच्या जागी नवी मुलं घेतली नसतील, तर आठवीचे गुण फक्त टिकलेल्या मुलांचे असतात. माहितीपत्रकात हे कधीच दिसत नाही.

मुलाला आयईपी, म्हणजे विशेष शिक्षणासाठी आखलेली वैयक्तिक योजना, असेल तर ‘आमच्याकडे सोय नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. विशेष शिक्षणाचा केंद्रीय कायदा चार्टरलाही लागू आहे. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतो, असं नेमकं विचारा. बसची सोय मात्र सगळीकडे नसते.

पूर्णपणे ऑनलाइन चार्टरबाबत फार सावध राहा. स्टॅनफोर्डच्या क्रेडो या संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात अशा शाळांतली मुलं नेहमीच्या सरकारी शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा गणितात सुमारे १८० दिवसांच्या अभ्यासाइतकी मागे दिसली. याच संस्थेच्या २०२३ च्या अहवालात एकूण चार्टरची मुलं मात्र त्याच तुलनेत वाचनात सरासरी १६ आणि गणितात ६ दिवसांनी पुढे होती.

पैसा पटसंख्येनुसार मिळतो आणि इमारतीचं भाडं अनेकदा त्यातूनच जातं. पट घसरला की शाळा अडचणीत येते, कधी बंदही पडते. संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचली की ही चाहूल आधी लागते.

जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तर लॉटरी निघते, आणि भावंडांना बहुधा प्राधान्य असतं. नाव प्रतीक्षा यादीत असेपर्यंत डिस्ट्रिक्टच्या शाळेतली नोंदणी रद्द करू नका.